इंदूरचे मराठी सगळेच मल्हाररावांबरोबर आले का?

रामबागवाला
परवा एका लग्नात पुन्हा तेच ऐकलं: "आम्ही वडगावकर, मल्हारराव होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात आलो." इंदुरात ज्याला विचारावं तो हेच सांगतो. एवढे कारकून घेऊन मल्हारराव लढले कधी?
अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरहून चाले. दरबार इंदुरात आला १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर. माझ्या मते आपली बरीचशी घरं त्यानंतरची. कित्येक तर रेल्वे, गिरण्या आणि मास्तरकीच्या काळातली.

नीराकाठ
साफ अमान्य. नीरेकाठचं होळ सुटलं म्हणून ते होळकर. गावातच राहणाऱ्याला गावाच्या नावानं कोण हाक मारतं? तिथे तो पाटील नाहीतर कुलकर्णी. आडनावातच स्थलांतराचा पुरावा आहे.

रामबागवाला
गाव सुटल्याचा आहे. कधी सुटलं, त्याचा नाही. शिवाय कुठलं वडगाव? पुण्याच्या आसपासच मावळ, शेरी, बुद्रुक अशी तीन सापडतील. आणि त्या तहाच्या काळातले होळकरांचे कारभारी तात्या जोग? आडनाव किबे, प्रसिद्ध जोग म्हणून. दोनशे वर्षांनी त्यांच्या वंशजांनी कुठलं नाव धरून मूळ शोधायचं?

लष्करची सून
मी ग्वाल्हेरची. तुम्ही दोघं आडनावालाच धरून बसलात. आधी देव्हारा बघा. शिंदे या आडनावात साताऱ्याकडचं कण्हेरखेड कुठेच दिसत नाही, पण कुलदैवत ज्योतिबा सुटला नाही. वाडी रत्नागिरीचं आत्ताचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं.
आमच्या सासरचं आडनाव देशावरच्या गावाचं. सासूबाई ठासून सांगतात, "आपण देशावरचे." आणि घरात लग्नकार्य झालं की बोडण, म्हणजे देवीचा तो कुलाचार, भरायची घाई त्यांनाच! बोडण मुख्यतः कोकणस्थांकडे. म्हणजे कोकणातून घाट चढून हे लोक त्या गावी टेकले, तिथलं नाव घेतलं आणि मग उत्तरेत आले, असं मला वाटतं. मधला मुक्काम आडनावात उरला, मूळ गाव स्वयंपाकघरात. हे सासूबाईंना सांगायची हिंमत अजून झालेली नाही.

नीराकाठ
हे पटलं. पण साल हवं असेल तर नाशिक-त्र्यंबकला जा. तीर्थोपाध्यांच्या वह्यांत आडनाव आणि गाव सांगितलं की पूर्वजांच्या नोंदी निघतात, जुन्या मोडीत.

रामबागवाला
नोंद यात्रेच्या सालाची, स्थलांतराची नव्हे. तरी "हल्ली मुक्काम इंदूर" असं पहिल्यांदा कधी लिहिलंय ते बघा. १८१८ च्या आधीचं निघालं तर पोहे माझ्याकडून.

नीराकाठ
आणि नंतरचं निघालं तरी काय सिद्ध होतं? त्याआधी ते महेश्वरला होळकरांच्याच चाकरीत नव्हते कशावरून?

रामबागवाला
मग महेश्वरचे म्हणा की! मल्हाररावांच्या घोड्यावर कशाला बसता?