तालुका हॉस्पिटलात डायलिसिसचं वेटिंग: युनिट एजन्सीकडे, मग पैसे लागणार का?

मलप्रभाकाठ: पेशंट खानापूर (जि. बेळगाव, कर्नाटक) भागातला, बीपीएल कार्ड आहे. आठवड्याला 3 डायलिसिस लिहून दिलेत. सरकारी युनिटात "नाव लिहून घेतलंय, जागा झाली की कळवू" एवढंच सांगतात. युनिट खासगी एजन्सी चालवते म्हणे. उद्या पैसे मागतील का? आणि हा नंबर सरकतो तरी कसा?

आरओ_रूम: नंबर मशीनच्या हिशेबाने सरकतो. सेशन 4 तासांचं, वर मशीन धुणं, निर्जंतुक करणं. तीन शिफ्ट ओढल्या, एक गट सोम-बुध-शुक्र आणि दुसरा मंगळ-गुरु-शनि धरला, तरी एका मशीनवर 6 पेशंट मावतात, सातवा नाही. जागा होते ती कुणाचं ट्रान्सप्लांट झालं, कुणी गाव सोडलं किंवा कुणी गेलं तरच. एक मशीन बंद पडलं की ते सहाजण बाकीच्या मशीनवर वाटतात, मग सगळ्यांचीच सेशन 3 ची 2 होतात. हिपॅटायटिस बीचं मशीन वेगळं असतं; ते रिकामं दिसलं म्हणून वाद घालू नका.

नाव लिहून घरी बसू नका. फाइल तयार ठेवा: एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी) आणि एचसीव्ही (हिपॅटायटिस सी) यांचे ताजे रिपोर्ट, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, नेफ्रॉलॉजिस्टची (किडनीच्या डॉक्टरची) चिठ्ठी, रेशन कार्ड, आधार. अचानक फोन येतो आणि व्हायरल रिपोर्ट जुना निघाला की जागा पुढच्याला जाते. हातात फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशनने जोडलेल्या रक्तवाहिन्या) आहे की मानेत कॅथेटर (नळी)?

मलप्रभाकाठ: मानेत.

आरओ_रूम: मग फिस्टुलाचं आजच बघा. ऑपरेशननंतर सुई टोचण्याजोगा व्हायला 6 ते 8 आठवडे जातात. कॅथेटर जितका लांबेल तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. थंडी वाजून ताप आला तर शिफ्टची वाट न पाहता दवाखाना गाठा. ज्या हातात फिस्टुला करायचा, त्या हाताचं बीपी घेऊ देऊ नका, सलाईनही नको.

करारपत्र: पैशांचं सांगतो. 2016 च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची रचनाच पीपीपीची (सरकार-खासगी भागीदारीची) आहे: जागा, वीज, पाणी सरकारचं; मशीन, टेक्निशियन, आरओ प्लांट एजन्सीचा. बीपीएलला मोफत. खरी भीती बिलाची नाहीच. एजन्सीला पैसे सेशनमागे मिळतात. सरकारकडून ते थकले की टेक्निशियनचा पगार थकतो, तो कामावर येत नाही, आणि पाटी सरकारीच असल्यामुळे शिव्या डॉक्टर खातात. मशीन दुरुस्तीची मुदत आणि उशिराचा दंड करारात काय आहे, ते माहिती अधिकारात मागवा. 10 रुपये फी, 30 दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांतच हवा, नाहीतर परत येतो. तोवर तक्रार 104 या आरोग्य हेल्पलाइनवर नोंदवा.

जागा नसेल तर रेफरल लेखी घ्या, तोंडी नको. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकात बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, पण आणीबाणी सोडली तर खासगीत जायला सरकारी हॉस्पिटलचं रेफरल लागतं. डायलिसिस पॅकेज त्या हॉस्पिटलात आहे का, ते आरोग्यमित्राला (हॉस्पिटलातला योजनेचा मदतनीस) आधी विचारा. महाराष्ट्राने आपली महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली, कर्नाटकाने विरोध केला; आठवड्याला तीनदा लागणारा उपचार त्या भांडणावर टांगू नका.

घटप्रभा_72: एक राहिलं. एका सेशनला साधारण 120 लिटर आरओ पाणी जातं, आरओ वाया घालवतो ते वेगळं. उन्हाळ्यात "मशीन नादुरुस्त" म्हणाले की टाकीत पाणी आहे का, तेही विचारा.