कृष्णधवल फोटोंसाठी कोणता इंकजेट घ्यावा?

सातारी_निगेटिव्ह:
नमस्कार मंडळी. वडिलांचा साताऱ्यात स्टुडिओ होता. माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांच्या १२० रोलच्या (रुंद जुन्या फिल्मच्या) निगेटिव्ह सापडल्या, सगळ्या चौकोनी ६×६ सेंमी. स्कॅनिंग उरकलं, प्रिंटवर गाडी अडली आहे. लॅबमधून आजीचा फोटो काढून आणला तर तिचं पांढरं लुगडं हिरवट! घरच्या सहा रंगांच्या प्रिंटरवर ट्यूबलाइटखाली बरा दिसतो, खिडकीशी नेला की जांभळट. ए३ पुरे. महिन्याला फार तर दहा-बारा प्रिंट. एप्सन पी७००, कॅनन प्रो-३०० की एप्सनचाच एल८१८०?

बाटलीवाला:
एल८१८०. करडी शाई आहे, बाटलीतून भरायची, खर्चाला हात आखडावा लागत नाही. अल्बमसाठी झकास.

लालदिवा:
अल्बमपुरतं बाटलीवाल्यांचं बरोबर. पण भिंतीवर लावायचे असतील तर मी पी७०० किंवा प्रो-३०० सारखी पिगमेंट शाईच (रंगाचे बारीक कण असलेली) घेईन. एल८१८० ची करडी आणि रंगीत शाई डाय, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, ती उजेडात लवकर उडते.

एकूण रंग किती ते मोजू नका, काळे-करडे किती ते मोजा. तुमच्या प्रिंटरकडे करडी शाई नसेल तर तो निळा, किरमिजी, पिवळा मिसळून करडा करतो. तोल जरा ढळला की लुगडं हिरवं. पी७०० मध्ये दहा शायांपैकी चार याच घराण्यातल्या: फोटो ब्लॅक, मॅट ब्लॅक, ग्रे, लाइट ग्रे. प्रो-३०० मध्ये तीन. शिवाय एक पारदर्शक शाई, चकचकीत कागदावर चमक सारखी ठेवणारी. कार्ट्रिज मात्र १४.४ मिलीचं, पी७०० चं २५ मिलीचं. मी पी७०० वापरतो. ड्रायव्हरमधला (कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममधला) 'अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट' मोड लावला की रंगीत शाया जेमतेम लागतात.

ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार नीट निवडा, कोणती काळी शाई वापरायची ते प्रिंटर त्यावरून ठरवतो. मॅट (बिनचमकीच्या) कॉटन कागदावर फोटो ब्लॅक गेली तर काळा राखेसारखा दिसतो, चकचकीत कागदावर मॅट ब्लॅक गेली तर बोटाला लागते.

आता महिन्याला दहा-बारा प्रिंट म्हणालात, माझी काळजी तिथे आहे. माझा आधीचा प्रिंटर (कंपनी जाऊ द्या) मे महिन्यात तीन आठवडे बंद ठेवून गावी गेलो. आल्यावर नोझल चेक (शाईची छिद्रं तपासायचा छापा) काढला तर करड्याच्या रेघा अर्ध्या गायब. क्लीनिंगवर क्लीनिंग केलं, निम्मी शाई वेस्ट टँकमध्ये (वाया शाईच्या टाकीत). म्हणून दर रविवारी एक तरी छोटा प्रिंट काढा. आणि बंद करताना प्रिंटरचंच बटण दाबा, भिंतीवरचं नको. शाई फवारणारं हेड जागेवर जाऊन झाकलं गेलं पाहिजे.

सातारी_निगेटिव्ह:
भिंतीवरचंच बटण दाबत होतो! आणखी एक: स्क्रीनवर आजीच्या अंबाड्याचे केस न् केस दिसतात, कागदावर नुसता काळा गोळा.

लालदिवा:
स्क्रीनचा ब्राइटनेस उतरवा. मग वडील डार्करूममध्ये करत तेच करा, टेस्ट स्ट्रिप. अंबाड्याचा आणि लुगड्याच्या काठाचा तेवढाच तुकडा तीन वेगवेगळ्या ब्राइटनेसने एकाच ए४ वर छापा. रात्रभर वाळू द्या, सकाळी खिडकीशी पाहा.

खरेदी त्यानंतर. मी कोथरूडला असतो, फाइल घेऊन या, माझ्याकडे स्ट्रिप काढू. डबाही आणा, मला निगेटिव्ह बघायच्यात.