ओलेनीचं पुढचं काम कुठलं घेऊ? कौल द्या

खाडीपलीकडची
नवीन लोकांसाठी थोडक्यात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावाला अडकले होते तेव्हापासून मी एक खोटं जग बनवतेय. अकरा बेटं, नाव ओलेन, आणि तिथली भाषा ओलेनी. व्याकरण बऱ्यापैकी झालंय, वहीत ४१२ शब्द आहेत (काल रात्री मोजले). भाषेची गंमत म्हणजे क्रियापदाला भरती-ओहोटी आहे. किम हा धातू, किमरा म्हणजे माझ्याकडे येतो, किमशे म्हणजे माझ्यापासून जातो. प्रत्येक क्रियापदाला रा किंवा शे लावावंच लागतं, नाहीतर बोलणाऱ्याला वेडा समजतात.

आता १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, घरची होडी वर ओढून झापांनी झाकलीय, पाऊस असा लागलाय की अंगणात पण जाता येत नाही, म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत मला वेळच वेळ आहे आणि नेमकं काय हाती घ्यावं तेच कळत नाहीये. एक मन म्हणतं हजार वर्षांपूर्वीची मूळ ओलेनी बनव आणि तिच्यातून डोंगराकडची बहीणभाषा काढ. नाहीतर लिपी करायची. नाहीतर बंदरात परदेशी गलबतं येतात तिथली मिश्र भाषा. पंचांग पण राहिलंय. माझा कल मूळ भाषेकडे आहे पण तुम्ही हाणून पाडलंत तरी चालेल.

अर्धमोडी
लिपी, लिपी आणि लिपी. भाषा कानाने कळते पण जग डोळ्याला दिसावं लागतं ना. आणि लिपी करताना सगळे प्रश्न आपोआप सुटतात. कशावर लिहितात? कशाने? बोरूने कागदावर भरभर लिहायचं म्हणून मोडी एकाला एक जोडत गेली. उडिया अक्षरं गोल का, तर ताडपत्रावर आडव्या रेघा मारल्या की पान फाटतं. तुमच्या बेटांवर ताड आहे का कातळ आहे हे ठरवलंत की अर्धी संस्कृती हातात आली. तुम्ही तर रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहता, कातळशिल्पं बघून या एकदा, कशेळीच्या सड्यावरचा (म्हणजे कातळाच्या पठारावरचा) हत्ती बघा, एवढ्या अवाढव्य हत्तीच्या पोटात बाकीची जनावरं कोरलीत. त्याच्यापुढे वहीतले ४१२ शब्द काय.

सड्यावरचं भूत
मी त्याच सड्यांच्या बाजूला राहतो म्हणून सांगतो, कातळशिल्पांचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. हत्ती राहिला, मासे राहिले, माणसं राहिली, आणि ती कोरणारे आपल्या आईला काय हाक मारायचे ते गेलं ते गेलंच. पर्यटक येतात, ड्रोन उडवतात, मला विचारतात याचा अर्थ काय, मी म्हणतो मला काय विचारता, मी शेजारी आहे फक्त 😄

आणि लिपी म्हणजे भाषेचा सदरा हो. कोकणी पाच लिप्यांत लिहिली जाते, देवनागरी, रोमी, कानडी, मल्याळम, अरबी, म्हणून काय ती पाच भाषा झाली का? लिपी सगळ्यात शेवटी. ताईंनी आत्ता लिपी घेतली तर दोन महिने नुसती वेलबुट्टी काढत बसतील, अनुभवाचे बोल आहेत, माझ्याकडे तीन लिप्या आहेत आणि एकीतही लिहायला काही नाही.

अर्धमोडी
सदरा म्हणे. सदरा न घालता बाजारात जाऊन दाखवा.

प्राकृताचं वेड
मी ताईंच्या बाजूने. मूळ भाषाच. कारण सांगतो. आत्ता तुमची ओलेनी फार गुळगुळीत असणार, सगळे नियम पाळणारी, आणि खरी भाषा अशी नसते. खऱ्या भाषेत जे खड्डे असतात ते ध्वनिबदलाने पडलेले असतात. हस्त, मग हत्थ, मग हात. कर्म, कम्म, काम. जोडाक्षर झिजलं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला, आणि हे एका शब्दात नाही तर ओळीने शेकडो शब्दांत झालं. किंवा शेजारी बघा, तमिळमध्ये दूध म्हणजे पाल, कन्नडमध्ये हालु, कारण कन्नडमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा जुना प ह झाला. तुम्ही असे चारच नियम ठरवा, क्रमाने लावा, बेटावर दोन लावा आणि डोंगरात चारही लावा, आठ दिवसांत बहीणभाषा तयार. वर फुकटात अपवाद मिळतात ज्याच्यावर पोरांना शाळेत मार पडेल.

एकच शंका, ओलेनीत ळ नाही असं मागे तुम्ही म्हणाला होतात. कोकणात बसून ळ नसलेली भाषा? नारळ, फणसपोळी, सोलकढीतला उरलेला ओला नारळ, कशाचीच लाज नाही वाटली?

खाडीपलीकडची
ळ मुद्दाम नाही ठेवला, मराठीसारखं वाटायला नको म्हणून. (सोलकढीत ळ नाहीये, तुम्ही नारळ दोनदा मोजलात.)

चौलचा चाफा
मूळ भाषेला माझा स्पष्ट विरोध. हजार वर्षं मागे गेलात की तिथून परत यायला हजार वर्षं लागतात, मी बघितलेत असे लोक, मुळाचं मूळ काढत बसतात आणि आजच्या माणसाला साधं पाणी पण मागता येत नाही त्यांच्या भाषेत.

बंदराची मिश्र भाषा घ्या. आमच्याकडे रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे, तिथली ख्रिस्ती मंडळी अजून घरात पोर्तुगीजातून झालेली एक भाषा बोलतात, स्वतः तिला नौ लिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा, बस. १७४० ला पोर्तुगीज गेले इथून. मालक गेला, दुसरं राज्य आलं, मग तिसरं आलं आणि एका गावात ती भाषा राहिली! शब्द बघाल तर बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद वाक्याच्या शेवटी, आपल्या मराठीसारखं. आता विचार करा हे कुणी ठरवून केलं असेल का? आणि उलट्या दिशेने आपण चावी, पगार, घमेलं, तुरुंग घेऊन बसलोच की. यादीच सांगते कोण कोणाकडे कशासाठी गेलं होतं. तुमच्या बंदरात परदेशी माणूस उतरला की पहिले कुठले वीस शब्द देवाणघेवाण होतील ते लिहा, त्याच्यात अख्खं जग येईल. शब्द कमी पडतील ही भीती सोडा, तोकी पोना म्हणून भाषा आहे, २००१ ची, जेमतेम १२० शब्दांवर सुरू झाली आणि लोक मजेत गप्पा मारतात.

प्राकृताचं वेड
अहो पण मिश्र भाषा करायला दोन भाषा लागतात. ताईंकडे एकच आहे. परदेशी गलबतवाले काय बोलतात ते आधी कोण बनवणार? म्हणजे दुसरी भाषा हवीच, आणि दुसरी सगळ्यात स्वस्तात मिळते ती मूळ भाषेतूनच.

चौलचा चाफा
दुसरी अख्खी बनवायची गरजच नाही! दीडशे शब्द आणि उच्चाराची सवय एवढं पुरे. खलाशी व्याकरण घेऊन उतरत नाही.

बोरिवलीचा चाकरमानी
राग मानू नका पण एक कडू बोलतो. माझी आजी मालवणीत बोलायची, आई अर्धं बोलते, मला समजतं पण बोललो की गावातले हसतात, आणि माझ्या मुलीला समजतही नाही. गणपतीला चार दिवस जातो तेव्हा ती आजूबाजूच्यांकडे बघून नुसतं हसते. इथे खरी भाषा आपल्या डोळ्यांदेखत वाळूत जिरतेय आणि आपण नसलेल्या बेटांवरच्या नसलेल्या माणसांना क्रियापदं वाटतोय. दोन महिने आहेत ना? मोबाईल घ्या, शेजारच्या म्हाताऱ्यांच्या गजाली रेकॉर्ड करा. हाच पुढचा प्रोजेक्ट.

खाडीपलीकडची
राग नाही आला असं म्हणणार नाही, आला. रोज संध्याकाळी क्रिकेट बघणाऱ्याला कोणी म्हणत नाही की तेवढ्या वेळात भाषा वाचवली असतीस. आणि मी गावातच राहते हो, मला गजाली रेकॉर्ड करायला गणपतीची वाट बघावी लागत नाही. पण खरं सांगू का, मालवणीत इलो, इली, इला आहे आणि चेडू इला म्हणतात, मुलगी असून नपुंसकलिंग, हे मी जन्मभर बोलतेय आणि कधी लक्षातच नव्हतं आलं. ओलेनीत लिंग ठेवायचं की नाही यावर तीन रात्री काढल्या तेव्हा एकदम दिसलं. खोट्या भाषेमुळे खरी दिसायला लागली माझ्या बाबतीत तरी.

बोरिवलीचा चाकरमानी
हे मान्य. पण तुमच्यासारखे किती? बाकीचे नुसतेच वेलबुट्टीवाले. (भूतभाऊ तुम्ही स्वतःच कबूल केलंय.)

हौशी तांडेल
पंचांगाला कोणीच मत दिलं नाही म्हणून मी देतो. ताईंची भाषाच भरती-ओहोटीवर उभी आहे आणि पाण्याचा हिशोब कच्चा आहे. आमच्या आजोबांचं सोपं गणित होतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ आली. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला. रोज पाणी साधारण ५० मिनिटं उशिरा चढतं त्याचाच तो हिशोब, घड्याळ नसताना पण चालतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, भांगाला पाणी धड चढत नाही धड उतरत नाही. आता माझा प्रश्न. भरती पुरी झाली की पाणी थोडा वेळ नुसतं उभं राहतं, तेव्हा तुमचे लोक रा लावतात का शे? का गप्प बसतात?

दुसरं म्हणजे मागे तुम्ही लिहिलं होतं की ओलेनला दोन चंद्र आहेत. दोन चंद्र ठेवलेत आणि भरती मात्र आमच्या जेट्टीवरच्यासारखी दिवसातून दोनदा, सरळसोट? दोघे एका रेषेत आले की महाउधाण येईल, काटकोनात गेले की एकमेकांचं पाणी खातील, कधी काय होईल ते सांगायला तुमच्या बेटांवर एक जोशी कायमचा पगारावर ठेवावा लागेल. आधी पंचांग, मग बाकीचं.

सड्यावरचं भूत
एक चंद्र मारा ना सरळ. मरताना पडला म्हणून अकरा बेटं झाली, उत्पत्तिकथा पण मिळाली. आपल्याकडे परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला, तुमच्याकडे चंद्र पडला.

खाडीपलीकडची
चंद्र नाही मारणार 😭 धाकटा माझा लाडका आहे. पण तांडेलकाका, उभ्या पाण्याचा प्रश्न मला चार वर्षांत सुचला नाही, रोज खिडकीतून तेच पाणी बघून.

गजालीकार
गो बाय, ह्या सगळा ऱ्हवांदे. माका एकच सांग. तुझ्या त्या भाषेत मासो शिळो असा ह्या कसा म्हणतत? माझी आवस बाजारात गेली काय पयलो कल्लो वर करून बघता, मगे तोंड वाकडा करता आणि म्हणता, कालचो असा गो ह्यो. चारशे शब्द केलंस, त्यात ह्यो शब्द असा काय नाय?

अर्धमोडी
😂😂 संपलं. धागा बंद करा.

खाडीपलीकडची
नाहीये.

क्षितिजाला तीन शब्द आहेत. "दूर गेलेल्या माणसाची होडी दिसतेय असं वाटणं" याला शब्द आहे. अकरा बेटांवर दर्यावर जगणारे लोक आणि शिळ्या माशाला शब्द नाही. माझी काकी पाटी घेऊन बसते बाजारात, तिला सांगायला पण लाज वाटतेय.

चौलचा चाफा
म्हणूनच बंदर म्हणत होतो. बाजार मांडा बाजार. भाषा तिथे उघडी पडते.

प्राकृताचं वेड
बाजार मांडा, पण शब्द घडवताना नियमाने घडवा एवढंच. सुचला म्हणून टाकला असं नको.

खाडीपलीकडची
दोन तासांनी परत आले, मध्ये लाईट गेली होती. मेणबत्तीत बसून केलंय, बघा कसं वाटतंय.

आत्तापर्यंत नियम होता की रा आणि शे एका शब्दात कधीच येत नाहीत. तो मोडला. किमरा म्हणजे आला. पण मासा आला आणि त्याच्यावरून एक ओहोटी निघून गेली, तर तो किमराशे. पाण्याबरोबर आला पण त्याचं पाणी गेलं. म्हणजे शिळा. माणसाला पण वापरता येईल, आदल्या पिढीचे विचार घेऊन बसलेला म्हातारा किमराशे. आणि उलटं लावलं, किमशेरा, तर जाता जाता वळलेलं, तेच उभ्या पाण्याला. तांडेलकाका चालेल का? मासा म्हणजे ऊव. तर बाजारात असं होईल,

ऊव किमरा? (मासा ताजा का?)
किमरा, किमरा! (आत्ताच आला, आत्ताच!)
कल्ला वर करून: ऊव किमराशे!

चंद्राचं नंतर बघू, आधी हा बाजारच पुरा करते.

हौशी तांडेल
उभ्या पाण्याला किमशेरा चालेल. ओहोटी संपतानाचं उभं पाणी आणि भरती संपतानाचं उभं पाणी वेगळं असतं पण ते तुम्हाला पुढच्या पावसाळ्यात सांगतो.

गजालीकार
बरा जमला. आता माका सांग, वाटो कितक्याक?

खाडीपलीकडची
थांबा हो जरा, माझ्याकडे दहाच्या पुढचे आकडेच नाहीत.