मदत हवी आहे: ऑटिझम असलेल्या मुलाला समजून घेणारी शाळा, सोलापुरात

नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. आमच्या घराला लागूनच पॉवरलूमचा कारखाना. त्या खडखडाटात तो गाढ झोपतो, पण शाळेची घंटा वाजली की कान दाबून बाकाखाली जाऊन बसतो. चादरीवरची नक्षी एकदा बघून वहीत जशीच्या तशी काढतो. बाईंना मात्र तो हट्टीच वाटतो. मागच्या आठवड्यात सरळ सांगितलं, "याला दुसरीकडं बघा."

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार मान्यताप्राप्त शाळेला असं नाकारता येत नाही, हे मला माहीत आहे. पण भांडून मिळवलेल्या वर्गात लेकरू रमणार कसं?

जुळे सोलापूर, होटगी रोड भागात अशा मुलांना खरंच सामावून घेणारी मराठी शाळा कुणाच्या माहितीत आहे का? स्पीच थेरपी (बोलण्यासाठीचे उपचार) आणि ऑक्युपेशनल थेरपीचा (रोजची कामं जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार) तुमचा अनुभवही सांगा. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) तपासणीला नेताना मुलाला गर्दीत कसं सांभाळलंत? गड्ड्याच्या यात्रेत तो इतका घाबरला होता की दोन दिवस जेवला नाही, म्हणून विचारतेय.