डोक्याला मार लागल्यावर डोळे का तपासतात?

मिहीर, न्यू जर्सी:
२०२२ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू टुआ टॅगोव्हायलोआ बफेलो संघाविरुद्ध पडला, उठल्यावर झोकांड्या खात होता, तरी दुसऱ्या हाफमध्ये खेळला! चार दिवसांनी सिनसिनाटीत पुन्हा आपटला, बोटं ताठरून वेडीवाकडी झाली. डोळ्यांच्या तपासणीत नेमकं काय बघतात?

गौरी_फिजिओ:
मी कॉलेजच्या पोरांना तपासते. नजर एका बिंदूवरून दुसऱ्यावर झटकन नेणं, सरकत्या बोटाचा पाठलाग, मान हलवताना नजर स्थिर ठेवणं. मेंदूचे बरेच भाग यात गुंतलेले असतात, म्हणून बिघाड दिसतो. पेनाचं टोक नाकाजवळ आणते. साधारण ५ सेंटिमीटरच्या आधीच दोन टोकं दिसली तर शंका घ्यायची. प्रत्येक हालचालीनंतर चक्कर, मळमळ वाढली का हेही विचारायचं. किंग-डेव्हिक नावाच्या चाचणीत कार्डांवरचे आकडे भराभर वाचायचे. हंगामाआधी नोंदवलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागला की खेळाडू बाहेर.

संजू७:
म्हणजे हंगामाआधी मुद्दाम सावकाश वाचलं की झालं!

गौरी_फिजिओ:
संजूदादा, पोरं करतात तसं 😄 म्हणून एकाच चाचणीवर सोडत नाही. तोल, स्मरणशक्तीही बघते. आणि मिहीर, टुआसारखं कोणी लडखडलं तर डोळे तपासत बसायचंच नाही. त्या ऑक्टोबरात एनएफएलने (टुआ खेळतो त्या लीगने) नियमच बदलला: असा तोल गेला की त्या दिवशी परत मैदानात नाही.