सवलतीतली स्वस्त इलेक्ट्रिक कार: जळगाव, धुळे, नंदुरबारकरांनो, अनुभव लिहा

दिवाळी ते मार्चअखेर शोरूमचे फोन थांबत नाहीत. "मागच्या वर्षीचा स्टॉक आहे, लाखभर कमी करून देतो." आमच्या घरात सध्या जेवताना हाच विषय. टाटाची टियागो ईव्ही (ईव्ही म्हणजे इलेक्ट्रिक गाडी) 2022 मध्ये 8.49 लाखांपासून आली, एमजीची कॉमेट 2023 मध्ये 7.98 लाखांपासून. 2024 मध्ये दोनदा कपात झाली, पंच ईव्ही 10.99 वरून 9.99 लाखांवर आली आणि बॅटरी भाड्याने घेतली तर कॉमेट 4.99 लाखांपासून, वर किलोमीटरमागे अडीच रुपये, अशीही योजना निघाली. दुसऱ्या बाजूला 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर उतरला. ईव्हीचा होता तो 5 टक्केच राहिला, त्यामुळे दोन्हींतलं अंतर घटलं.

पुण्या-मुंबईचे व्हिडिओ पाहून आपला निर्णय होत नाही. आपल्याकडचा मे महिना वेगळा, लाईट वेगळी, रस्ते वेगळे. म्हणून इथल्याच लोकांनी लिहा: रोज किती चालते, चार्ज कुठे करता, उन्हाळ्यात काय होतं, आणि सवलत खरी किती पडली.

भुसावळ
टियागो, मोठ्या बॅटरीची, 24 युनिटची. नोकरी जळगावला, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. कंपनीने सांगितलेली रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये चालणारं अंतर, 315 किलोमीटर, पण ती कागदावरची. हिवाळ्यात दोनशेच्या पुढे जाते, मे महिन्यात पूर्ण एसी लावून त्याहून कमी. रोजच्या रस्त्याला ती भरपूर आहे. घरी पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर रात्री लावतो, सकाळी भरलेली असते.

ज्याच्याबद्दल शोरूममध्ये कोणी बोलत नाही ते सांगतो: अर्थिंग. आमचं घर वडिलांनी बांधलेलं, जुनं. पहिल्या रात्री चार्जरने लाल दिवा दाखवला आणि गाडी चार्जच होईना. वायरमनने पाहिलं तर अर्थिंगची तार नुसती नळाच्या पाइपाला गुंडाळलेली. मग अंगणात खड्डा घेतला, पट्टी पुरली, कोळसा-मीठ घातलं, सॉकेटपर्यंत जाड वायर स्वतंत्र ओढली. आपल्याकडे एप्रिलनंतर जमीन भेगाळते, तेव्हा त्या खड्ड्यात मधूनमधून बादलीभर पाणी ओतावं लागतं, नाहीतर पुन्हा लाल दिवा. गाडी बुक करायच्या आधी वायरमनला घरी बोलवा. सवलतीचा विचार त्यानंतर.

उन्हाचं आणखी एक. दुपारी तापलेली गाडी आणून लगेच प्लग लावत नाही. सावलीत उभी करतो, रात्री जेवणं झाली की लावतो. बॅटरीवर आठ वर्षांची वॉरंटी असली तरी 45 अंशांत तिला जपलेलं बरं.

यावल तालुका, केळी उत्पादक
भाऊ, आमच्याकडे पहिला प्रश्न "लाईट शे का?" हाच. गावठाणाची लाईट असते, पण संध्याकाळी सगळ्यांचे कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि चार्जर मध्येच बंद होतो. मे-जूनच्या वादळात केळीचे बाग आडवे होतात, तसे खांबही पडतात. मग दोन-दोन दिवस अंधार. त्या दिवसांत घरात कोणी आजारी पडलं तर गाडी निघालीच पाहिजे. आम्ही डिझेलची गाडी ठेवली आणि ईव्ही दुसरी म्हणून घेतली. फैजपूर, सावदा, रावेर, तालुक्याची कामं सगळी तिच्यावर, आणि डिझेलचा खर्च खूप उतरला. एकुलती एक गाडी म्हणून मात्र आमच्या भागात मी कोणाला सांगणार नाही.

धुळे, देवपूर
मी मागच्या वर्षीच्या स्टॉकमधलीच घेतली, म्हणून सविस्तर लिहिते. "लाखाची सवलत" कागदावर मांडून घ्या. आम्हाला सांगितलेल्या आकड्यात जुनी गाडी दिल्याचा बोनस होता, सरकारी नोकरीची सूट होती आणि त्यांच्याच बँकेचं कर्ज घेतल्याची सूट होती. आमच्याकडे द्यायला जुनी गाडी नव्हती, कर्ज आम्हाला आमच्या पतपेढीतून घ्यायचं होतं. उरली ती निम्म्याहून कमी.

त्या कागदावर मी सही केली नाही. म्हटलं, गाडी वर्षभर यार्डात उन्हात उभी होती, तर आधी बॅटरीचा रिपोर्ट द्या, बारा व्होल्टची छोटी बॅटरी नवी बसवा, टायर कधीचे आहेत ते दाखवा, आणि वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून धरल्याचं लेखी द्या. चार-पाच चकरांनंतर सगळं मिळालं, वर रोख सूटही थोडी वाढली. पुढे विकताना गिऱ्हाईक उत्पादनाचं वर्ष बघणार, नोंदणीचं नाही, म्हणजे आज मिळालेली सवलत तेव्हा परत जाणार. मला दहा वर्षं वापरायची आहे, म्हणून मला परवडली. तीन-चार वर्षांत बदलणाऱ्यांनी ती धरूच नये.

चाळीसगाव
आमचं संभाजीनगरला कायम जाणं-येणं. कन्नडचा घाट चढताना टक्के भराभर उतरतात. येताना उतारावर थोडे परत मिळतात, पण चढताना गेलेले सगळे नाहीत. वाटेतल्या एका पंपावर चार्जिंगची एकच गन, ती बंद. तेव्हापासून निघण्याआधी दुसरं ठिकाण फोन करून ठरवून ठेवतो. गावोगाव फिरणाऱ्याने छोट्या बॅटरीची गाडी सवलतीतही घेऊ नये. कॉमेटला तर डीसी फास्ट चार्जिंग, म्हणजे वाटेत पटकन चार्ज करायची सोय, नाहीच. आणि 2025 च्या राज्याच्या धोरणातली टोलमाफी समृद्धी, अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग यांसाठी आहे. धुळ्याहून जळगावला येताना टोल भरावा लागतो.

अमळनेर
कॉमेट आहे. तीन मीटरपेक्षाही कमी लांबी, बाजारपेठेतल्या गल्लीतून सहज वळते. पण दारं दोनच. सासूबाईंना मागे बसवताना पुढची सीट सरकवून, वाकून चढावं लागतं, गुडघ्यांना त्रास होतो. घरात वडीलधारे असतील तर आधी त्यांना बसवून पाहा.

नंदुरबार
चालवायला छान. पण एका बिघाडाला जिल्ह्यात जाणकार माणूस नव्हता, गाडी बाहेरगावी न्यावी लागली, पार्टसाठी बराच थांबलो. मेकॅनिक कुठे बसतो ते विचारूनच घ्या.

जळगाव, पिंप्राळा
रोज चाळीस किलोमीटर म्हणजे सहाएक युनिट, महिन्याला दीडशे-पावणेदोनशे. घराचं बिल आधीच तीनशे युनिटांच्या आसपास असेल, तर गाडीचे युनिट वरच्या महाग स्लॅबमध्ये जातात. लोक किलोमीटरमागे एक रुपया म्हणतात तो हिशेब तिथे बिघडतो. आम्ही सूर्यघर योजनेतून छतावर तीन किलोवॉट बसवलं, 78 हजार अनुदान मिळालं. आपल्याकडे ऊन काही कमी नाही, दिवसाला बारा युनिटपर्यंत निघतात. आता गाडी आणि घर दोन्ही त्यात बऱ्यापैकी भागतं. माझं मत विचाराल तर लाखाची सवलत मिळो न मिळो, छत स्वतःचं असेल तर आधी पॅनेल, मग गाडी.

धागा सुरू करणारा
सगळ्यांचे आभार. धुळ्याच्या ताई, तुमची ती लेखी मागण्यांची यादी मी शोरूममध्ये घेऊन जाणार आहे. आमची अडचण एकच, आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. पार्किंग आहे, सॉकेट नाही.

भुसावळ
मग आधी सोसायटीकडे लेखी अर्ज करा. आपल्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर ओढायची परवानगी मागा, किंवा महावितरणकडे वेगळ्या मीटरचं विचारा. अंतर जास्त असेल तर वायर जाड लागते, तो खर्च गाडीच्या किमतीत धरा. चेअरमनची सही हातात येईपर्यंत बुकिंगचे पैसे देऊ नका.