साडेचार लाखांचा डॅक आणि दहा बाय दहाची खोली

धागालेखक, रत्नागिरी

गेल्या मे महिन्यात आमच्या आळीतल्या एका स्नेह्यांनी आंब्याच्या हंगामाचे पैसे हातात येताच साडेचार लाखांचा डॅक घेतला. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो: फाइलमधून किंवा इंटरनेटवरून आकड्यांच्या रूपात येणाऱ्या संगीताचे पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर करणारी पेटी म्हणजे डॅक. प्रत्येक मोबाइलमध्ये तो असतोच. यांचा मात्र स्वतंत्र, जाड ॲल्युमिनियमच्या डब्यात आहे आणि उचलायला दोन हात लागतात. त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याचा माझा हेतू नाही, पण एवढ्या पैशांत कानांच्या वाट्याला नेमके काय आले, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना, म्हणून आम्ही दोघांनी एका संध्याकाळी तो तपासून पाहिला.

माझा साडेआठ हजारांचा डॅक आणि त्यांचा, असे दोन्ही एकाच ॲम्प्लिफायरला जोडले. स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर लावून, एकच सूर वाजवून, दोघांची पातळी सारखी करून घेतली, कारण अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला आवाज कानाला मोठा न वाटता ‘अधिक चांगला’ वाटतो, आणि दुकानातल्या निम्म्या जादूचे मूळ तेथेच असते. पडद्यामागे पुतण्याला बसवले. त्याने नाणे उडवून डॅक बदलायचा आणि आम्ही ओळखायचे. १६ वेळा असे केले. निव्वळ अंदाजपंचे उत्तरे देणाऱ्याची १६ पैकी १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारपेक्षाही कमी असते, म्हणून १२ ही रेषा आधीच ठरवली होती. स्नेह्यांची ९ बरोबर आली, माझी ७.

त्या संध्याकाळी खरा फरक एकाच व्यक्तीने ओळखला. पडवीत रातांबे फोडत बसलेल्या त्यांच्या आई मध्येच म्हणाल्या, “आता घुमतंय मेलं.” पाहिले तर पुतण्याने माजघराचे दार लोटून घेतले होते.

माझे म्हणणे या दारापाशीच आहे. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हापासून सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांच्या (शून्य-एकच्या १६ घरांच्या) आकड्यात, हे तिचे प्रमाण आहे. त्यात २२,०५० हर्ट्झपर्यंतचे सारे सूर बसतात, आणि माणसाच्या कानाची मर्यादा तरुणपणीही २०,००० च्या आसपास असते. आम्हा पन्नाशी ओलांडलेल्यांची गोष्टच सोडा. आकड्यांमुळे आवाजाच्या ‘पायऱ्या’ होतात, हा समजही चुकीचा आहे, कारण डॅकमधून बाहेर पडणारी लहर गाळणीतून (फिल्टरमधून) गेल्यावर सलगच असते. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. रातकिडे आणि समुद्राची गाज धरून आमच्या खोलीतली रात्रीची शांतता ३५ डेसिबलची असेल, तर हे संपूर्ण अंतर वापरण्यासाठी आवाज १३० च्या पुढे न्यावा लागेल, आणि तसे केल्यास कानांच्या डॉक्टरकडेच जावे लागेल.

अमेरिकेतील मेयर आणि मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अधिक सूक्ष्म ध्वनिमुद्रण तसेच्या तसे आणि सीडीच्या प्रमाणातून काढून, असे दोन्ही प्रकारे ऐकवले होते. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी एवढीच आली असती.

डॅक हा भाग आता सुटलेले गणित आहे. न सुटलेले गणित म्हणजे स्पीकर आणि खोली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा स्लॅबच्या खोलीत तिन्ही दिशांचे अनुनाद एकाच जागी, सुमारे ५६ हर्ट्झवर, येऊन पडतात आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमक अंगावर येते. जुन्या कौलारू घरात हा त्रास कमी होतो, कारण छप्पर उतरते असते, कौलांच्या फटींतून खर्जाचा बराच भाग बाहेर निघून जातो आणि शेणाने सारवलेली जमीन चकचकीत लाद्यांसारखा आवाज परतवत नाही. साडेचार लाखांपैकी पन्नास हजार जाड पडदे, गाद्या आणि पुस्तकांच्या कपाटावर घातले असते, तर पडवीत बसलेल्या आईंनाही ते ऐकू आले असते.

प्रतिसाद, वेंगुर्ले

आपला प्रयोग मनापासून केलेला आहे, म्हणूनच त्यातली चूक दाखवावीशी वाटते. ज्या खोलीत ५६ हर्ट्झचा ढोल सतत वाजत असतो, त्या खोलीत आपण सूक्ष्म फरक शोधायला बसलात आणि तो सापडला नाही म्हणून फरकच नाही, असे म्हणता. गढूळ पाण्यात तळ दिसला नाही म्हणून तळ नाही, असे कोणी म्हणत नाही.

दुसरे, आपण २००७ चा प्रयोग सांगितलात, २०१६ चा सांगितला नाहीत. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र मांडले, तेव्हा साडेबारा हजारांच्या आसपास प्रयत्नांत बरोबर उत्तरांचे प्रमाण निम्म्याहून थोडे, पण निश्चितपणे, अधिक निघाले, आणि सराव असलेल्या श्रोत्यांमध्ये ते आणखी वाढले. कान शिकतो. पखवाज शिकणाऱ्याला पहिल्या वर्षी न कळणारा फरक पाचव्या वर्षी कळतो.

तिसरे, सगळे डॅक आतून एकच असतात, असा आपल्या लिहिण्याचा सूर आहे. तसे नाही. इंग्लंडमधील डीसीएस ही कंपनी बाजारातली तयार चिप न वापरता सुट्या भागांपासून स्वतःचे परिपथ बांधते. अशा कामाला माणसे, वर्षे आणि पैसा लागतो, आणि तो किमतीत दिसणारच.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. माझ्याकडे सहा हजारांचा डॅक होता. लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून बारीक किरकिर सुरू होई आणि माऊस हलवला की ती वरखाली होई. शांत आलाप चालू असताना ते असह्य व्हायचे. महागडा डॅक आणल्या दिवशी ती किरकिर गेली, ती गेलीच.

आणि शेवटी, किमतीचा हिशेब फक्त कानांनी करायचा, हा नियम कोणी घातला? प्लायवुडच्या फळीवरही देव बसतातच, तरी आपण शिसवी, कोरीव देव्हारा करून घेतो. तेथे मल्टिमीटर लावत नाही.

प्रतिसाद, चिपळूण

मी गेली बावीस वर्षे दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची यंत्रे माझ्या टेबलावर येतात. तुमच्या वादात न पडता, कोकणात या वस्तूंचे पुढे काय होते, एवढेच लिहितो.

खाऱ्या हवेला किंमत वाचता येत नाही. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरातून आलेले एक यंत्र गेल्या गणपतीआधी उघडले. मागच्या सॉकेटांवर सोन्याचा मुलामा शाबूत होता, पण आत बोर्डावरच्या तांब्याच्या कडांवर हिरवा थर आला होता आणि रिलेचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या आतल्या स्विचचे, काँटॅक्ट काळे पडले होते. मालकांची तक्रार होती की डावा स्पीकर अधूनमधून रुसतो. रिले बदलला, ब्रशने बोर्ड साफ केला, काम झाले. पण तो रिले उघड बाजारात मिळणारा होता, म्हणून झाले. फार महागड्या डब्यांत काही वेळा चिपवरचा नंबरच खरवडलेला असतो आणि सर्किटचा नकाशा कोणी देत नाही. मग डबा परदेशी पाठवण्यावाचून गत्यंतर नसते, आणि जाण्यायेण्याच्या भाड्यात आमच्याकडे दोन साधे डॅक येतात.

दुसरी गोष्ट वीज. खांबावरची न्यूट्रल (परतीची) तार सुटली, की घरात २३० ऐवजी ३५० ते ४०० व्होल्ट येऊ शकतात, आणि तेव्हा टीव्ही, फ्रिज, डॅक सगळे एका पंगतीत बसतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झाले, त्यानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती; ती परत आली तेव्हा पहिल्या आठवड्यात माझ्याकडे जळक्या पॉवर सप्लायची रीघ लागली होती. सड्यावरच्या घरांत कातळ फोडून अर्थिंगचा खड्डा करावा लागतो, आणि चैत्र-वैशाखात तो कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतीच उरते. वेंगुर्ल्याच्या सद्गृहस्थांची किरकिर मला तेथलीच वाटते. आधी खड्ड्यात पाणी घाला, चांगला स्टॅबिलायझर आणि सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि वीज कडकडू लागली की राउटरच्या वायरीसकट सगळे काढून ठेवा.

प्रतिसाद, मालवण

मी डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या, भजनांचे ध्वनिमुद्रण करतो. समोरच्या बुवांना उत्तर देताना आमचे बुवा गजर केव्हा चढवतील आणि झांज केव्हा तुटून पडेल, हे सांगता येत नाही, म्हणून पातळी बरीच खाली ठेवून २४ बिटांवर मुद्रण करावे लागते. तेथे ते जास्तीचे बिट खरोखर उपयोगी पडतात. ऐकणाऱ्याला देताना मी १६ बिटांचीच फाइल देतो, आणि आजवर एकाही बुवांनी तक्रार केलेली नाही. माईक चार बोटे पुढेमागे केला तर मात्र लगेच हाक येते.

धागालेखक, रत्नागिरी

वेंगुर्ल्याच्या मित्रांचा खोलीविषयीचा आक्षेप मला मान्य आहे, इतका मान्य की परवा रात्री हेडफोन लावून तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी माझी ८ बरोबर आली आणि स्नेह्यांची १०. दहा म्हणजे बारा नव्हेत, पण त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून मी गप्प राहिलो.

किरकिरीबाबत मात्र मी गप्प राहणार नाही. ती लॅपटॉपच्या चार्जरची आणि अर्थिंगची होती. यूएसबीच्या वायरीत दोन-तीन हजारांचा आयसोलेटर (दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारा तुकडा) बसवला असता तरी बहुधा गेली असती. रोग तापाचा आणि औषध म्हणून नवे घर बांधले, असे ते झाले. राइस यांचे निष्कर्षही मी नाकारत नाही, परंतु त्यांनी तपासले ते सीडीचे प्रमाण आणि त्याहून सूक्ष्म प्रमाण. साडेआठ हजारांचा डबा आणि साडेचार लाखांचा डबा यांची तुलना त्यात नाही.

आतल्या चिपविषयी म्हणाल तर, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधील नोबेओका येथे डॅकच्या चिपा बनवणाऱ्या एकेएम या कंपनीचा कारखाना आगीत जळाला. पुरवठा थांबल्यावर अनेक उत्पादकांनी दुसऱ्या कंपनीच्या चिपा घालून आपली यंत्रे विकायला काढली, आणि संगीताचे जग पूर्वीसारखेच चालू राहिले.

डिजिटल वस्तू म्हातारी कशी होते, हेही पाहा. एमक्यूए नावाची, सूक्ष्म ध्वनिमुद्रण लहान फाइलमध्ये बसवण्याची पद्धत २०१४ च्या अखेरीस जाहीर झाली, तिचे चिन्ह असलेले डॅक लोकांनी जादा पैसे मोजून घेतले. २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये इंटरनेटवरून संगीत ऐकवणाऱ्या टायडल या सेवेने ती पद्धत काढून टाकली. शिसवी देव्हाऱ्यातला देव असा कोणी काढून नेत नाही. देव्हारा नातवापर्यंत जातो, चाळीस वर्षांपूर्वीचा चांगला स्पीकरही रबराची कड बदलून वाजतो, पण दहा वर्षांपूर्वीचा स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारी पेटी) ॲप बंद झाले की कपाटावर जातो.

आणि कानांच्या सरावाविषयी बोलायचे तर अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी या तबकड्या काढणाऱ्या कंपनीचे प्रकरण आठवावे. त्यांच्या महागड्या तबकड्या पूर्णपणे ॲनालॉग, म्हणजे कुठेही आकड्यांत रूपांतर न करता काढलेल्या, आहेत, असे समजून जाणकार वर्षानुवर्षे त्यांची वाखाणणी करत होते. २०२२ मध्ये कळले की त्यांतल्या अनेक डिजिटल टप्प्यातून गेलेल्या आहेत. कानांनी तोवर काहीच सांगितले नव्हते.

प्रतिसाद, वेंगुर्ले

मोबाइल फिडेलिटीचा दाखला आपण माझ्या बाजूने दिलात, याबद्दल आभार. डिजिटल टप्पा उत्तम यंत्रांनी आणि मन लावून केला तर तो जाणकारांनाही खटकत नाही, हेच मी म्हणत होतो.

एमक्यूएविषयी मात्र बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. ते चिन्ह माझ्याही डॅकवर आहे. नवा घेण्याची वेळ आली तर मी आता जुन्या बाजारात पाहीन, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात कालच दोन बादल्या पाणी ओतले आहे.

तरीही क्षणाक्षणाला बदलून ऐकण्याची परीक्षा मला पटत नाही. पाऊस सरला, पत्र्यावरचा आवाज थांबला की माझा डॅक आपल्याकडे पाठवतो. आंब्याच्या दोन पेट्यांत दोघांचे डॅक बंद करून खिळे मारावेत, फक्त वायरी बाहेर काढाव्यात, एक पेटी महिनाभर ऐकावी, मग दुसरी महिनाभर, आणि मग सांगावे. १६ वेळा जमणार नाही, पण मला ते ऐकणे खरे वाटते.

प्रतिसाद, चिपळूण

पेट्या मी बंद करून देईन, पातळीही मीटरने जुळवून देईन. फटींवर कागद चिकटवू नका, आतली उष्णता कोंडेल. दिव्यांवर काळी पट्टी लावू. आणि महागड्या डब्याचे वजन पाहता हलक्या पेटीत दोन जांभे ठेवावे लागतील, नाहीतर जागा बदलताना उचलल्याबरोबर निकाल लागेल.